आडगाव ट्रक टर्मिनसजवळचे पाट्यावाले मामा : आवाज शोधण्याचे पैसे घेणारं गॅरेज

पिकअपच्या खालून आवाज येतोय, दोन ठिकाणी पार्ट बदलून झालेत आणि आवाज तसाच आहे, अशी कुणाची अवस्था असेल तर गाडी नाशिकला आडगावच्या ट्रक टर्मिनसजवळ न्या. तिथल्या या गॅरेजच्या पाटीवर ‘कमानपाटा व सस्पेन्शनचे काम’ एवढंच रंगवलंय. मालकाचं नाव नाही, फोन नंबर नाही. टर्मिनसवर चहाच्या टपरीवर ‘पाट्यावाले मामा’ म्हणून विचारलं की कुणीही बोट दाखवतं. मामा आवाज शोधण्याचे ११०० रुपये घेतात. दुरुस्ती त्यांच्याकडे करा किंवा करू नका, शोधण्याचे पैसे वेगळे. बाहेर बसलेल्या एका गाडीमालकाला हे पटत नव्हतं, ‘नुसतं बघायचे पैसे?’ म्हणून तो निघून गेला. मला मात्र या गॅरेजची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते, आणि का वाटते ते सविस्तर लिहिते.

माझं दुकान घोटीत आहे. सौर कृषिपंप बसवायचं काम करते. माल पोचवायचा तो बारी, उडदावणे, साम्रद, रतनवाडी, घाटघर या पट्ट्यात. डांबरी रस्ता संपल्यावर शेतापर्यंत जाणारी वाट म्हणजे दगड, ओढा आणि पावसानं कापलेले चर. म्हणून डबल कॅबची फोर बाय फोर पिकअप घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही. आपल्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस असो की टोयोटाची हायलक्स, मांडणी साधारण एकच : शिडीसारखी चेसिस, पुढे वर-खाली दोन आर्म (चाक चेसिसला जोडणारे दांडे) आणि कॉइल स्प्रिंग, मागे सरळ ॲक्सल आणि त्यावर कमानपाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. त्यामुळे आवाजही सारखेच येतात आणि शोधायची पद्धतही सारखीच चालते.

आवाजाचा एवढा ध्यास कशाला, असं मला घरातही विचारलं गेलं. एक तर मागे पॅनल असतात. गाडी सतत आदळत राहिली तर वरची काच फुटत नाही, पण आतल्या सेलला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. असं पॅनल बसवताना चांगलं दिसतं आणि नंतर वीज कमी देतं. बोलणी आम्हाला बसतात, आणि शेतकऱ्याचं भिजवण होत नाही ते वेगळंच. दुसरं म्हणजे पुढच्या चाकाजवळचा आवाज हा जिवाशी खेळ असू शकतो. खालचा बॉल जॉइंट (आर्म आणि चाक जोडणारा गोल सांधा) निसटला तर चाक बाहेरच्या बाजूला आडवं पडतं. घाटघरच्या रस्त्यावर एका बाजूला दरी असताना हे होणं म्हणजे काय, ते त्या रस्त्यानं गेलेल्यांना सांगायला नको.

माझ्या गाडीला तीन आवाज होते. पहिला, रिव्हर्स घेऊन पुढे निघालं की पहिल्या ब्रेकला डाव्या पुढच्या बाजूनं ‘टक्’. एकदाच. नंतर कितीही ब्रेक मारा, शांत. दुसरा, बारीक खडीवर हळू चालताना पुढूनच ‘खटखट खटखट’. तिसरा मागून, चरातून तिरकं उतरताना लांबलचक ‘करर्र’. समृद्धी महामार्गावर यातला एकही ऐकू यायचा नाही. पावसात भिजल्यावर मागची करकर दोन दिवस गायब व्हायची आणि ऊन पडलं की परत यायची.

मामांकडे जाण्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले गेले, स्टॅबिलायझरच्या (वळताना गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या दांड्याच्या) लिंक बदलल्या गेल्या. वीस हजारांच्या वर गेले. पार्ट खोटे नव्हते, पैसेही फसवून घेतले नव्हते. पण गाडी रॅम्पवर चढली, एकानं चाक हलवून पाहिलं, ‘शॉकअप गेलेत’ म्हणाला, आणि काम सुरू. आवाज नेमका कधी येतो हे मला कुणी विचारलं नाही. माझ्याबरोबर आलेल्या मदतनीस पोराला विचारलं. तो गाडी चालवत नाही.

मामांचा पहिलाच प्रश्न : ‘ताई, गाडी कोण चालवतं?’ मी म्हटलं, मीच. ‘मग आवाज तुम्हीच सांगायचा आणि तुम्हीच काढून दाखवायचा.’ मग विचारणं सुरू झालं. सकाळी गार गाडीला येतो की दुपारी? ओल्यात की कोरड्यात? वळताना की सरळ? ब्रेक दाबल्यावर, की सोडल्यावर? गिअर टाकताना येतो का? (हा प्रश्न प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे, जॉइंट संशयातून बाजूला काढण्यासाठी. गाडी उभी असताना पुढचा-मागचा गिअर बदलला की धक्क्यासकट आवाज येत असेल तर तो बहुधा सस्पेन्शनचा नाही, जॉइंट क्रॉसचा किंवा सेंटर बेअरिंगचा असू शकतो.) आवाज सुरू होण्याआधी गाडीवर शेवटचं काम कोणतं झालं? टायर कधी बदलले, अलाइनमेंट कधी केलं, ब्रेक पॅड कधी टाकले? हे सगळं एका जुन्या वहीत पेन्सिलीनं लिहून घेतलं. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी जरा घाईनं दिलं तेव्हा त्यांनी हात थांबवला आणि म्हणाले, ‘सावकाश आठवा. अर्धे आवाज माणसाच्या हातानं आलेले असतात.’

फोनवर एक गोष्ट त्यांनी आधीच सांगितली होती, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी : गाडी रिकामी आणू नका. ज्या वजनावर आवाज येतो त्या वजनासकट आणा. रिकाम्या पिकअपचे मागचे पाटे कमानीसारखे वाकलेले असतात, वजन पडलं की सपाट होतात. शॅकलचा, म्हणजे पाटा चेसिसला टांगणाऱ्या कडीचा, कोन बदलतो, पाट्यांची टोकं वेगळ्या जागी घासतात. रिकाम्या गाडीत न येणारा आवाज कुणीही शोधू शकत नाही. मी पंपाचे लोखंडी स्ट्रक्चर भरून नेलं होतं, ते दोऱ्यांनी घट्ट आवळून.

गाडीला पाना लावायच्या आधी त्यांनी सीटखालचा जॅक, टॉमी, ओढायची साखळी, पाण्याचे कॅन सगळं खाली काढून ठेवलं. मागच्या फाळक्याची कडी तपासली. खाली टांगलेली स्टेपनी हातानं हलवली, साखळी थोडी सैल होती ती आवळली. यात माझे आवाज गेले नाहीत, पण हे केल्याशिवाय पुढचं ऐकण्यात अर्थ नाही.

मग ट्रायल. मी चालवत होते, मामा आधी माझ्या शेजारी आणि नंतर मागच्या सीटवर, काचा खाली, रेडिओ-एसी बंद. टर्मिनसच्या कडेनं एक लांब कंपाउंडची भिंत आहे. तिला खेटून हळू जायला सांगितलं, आधी डाव्या अंगानं, मग फिरवून उजव्या अंगानं. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कुठल्या बाजूचा ते कळतं. मोकळ्या मैदानात आवाज असा परत येत नाही, आणि शिडीच्या चेसिसमधून लोखंड आवाज इकडून तिकडे पोचवतं. डावीकडे ऐकू येणारा ठोका उजवीकडचाही असू शकतो.

मागच्या कच्च्या वाटेवर त्यांनी दोन लाकडी ओंडके ठेवलेत, एक डाव्या चाकाखाली येईल असा, दुसरा थोडा पुढे उजव्या चाकाखाली. त्यावरून गाडी घातली की एक चाक वर, एक खाली, असं आळीपाळीनं होतं आणि स्टॅबिलायझर बारला पीळ पडतो. लिंक किंवा बारचे बुश (रबरी आधार) खराब असतील तर इथे आवाज वाढतो आणि दोन्ही चाकं एकदम चढणाऱ्या स्पीडब्रेकरवर कमी होतो. माझा आवाज दोन्हीकडे सारखाच होता. तरी खात्रीसाठी त्यांनी दोन्ही लिंक खालून सोडल्या, बार बांधून ठेवला आणि तीच वाट अगदी हळू परत घ्यायला लावली. खटखट जशीच्या तशी. म्हणजे माझ्या नव्या लिंक निर्दोष होत्या, आणि बहुधा जुन्याही. मामा त्यावर काही बोलले नाहीत, लिंक परत जोडल्या.

खटखटीचा निकाल मात्र तिथेच लागला. ‘आता याच खडीवर चालवताना ब्रेकला डावा पाय नुसता टेकवा, गाडी थांबू देऊ नका.’ टेकवला. खटखट बंद. पाय उचलला, सुरू. परत टेकवला, बंद. हे मला थक्क करणारं होतं, कारण त्यासाठी एक पानाही लागला नव्हता. आवाज शॉकअपचा असता तर ब्रेकला पाय टेकवल्यानं थांबला नसता. सैल पॅड कॅलिपरमध्ये (ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागात) वाजत असतील तर हलका ब्रेक त्यांना दाबून धरतो आणि ते गप्प होतात. चाक काढल्यावर दिसलं, पॅड बदलताना ज्या पत्र्याच्या छोट्या क्लिपा त्यांना जागेवर धरून ठेवतात त्या परत बसवलेल्याच नव्हत्या. दोन्ही बाजूंच्या. नव्या क्लिपांचा सेट ३५० रुपयांना आला. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यावर ब्रेकसाठीचं वेगळं ग्रीस लावलं.

राहिला ‘टक्’. यावर पाऊण दिवस गेला, आणि या गॅरेजविषयी माझं मत बनलं ते इथे.

रिव्हर्सनंतरच्या पहिल्या ब्रेकलाच आवाज येतो, याचा अर्थ काहीतरी एका बाजूला सरकतंय आणि तिथेच राहतंय. उलटी दिशा मिळाली की परत येतंय. ब्रेक पॅडही असं करतात, पुढे-मागे सरकून एक बारीक ‘टिक’ देतात. म्हणून क्लिपा बसवल्यावर आधी पुन्हा ट्रायल झाली. आवाज तसाच, जाड आणि खालून पायाला जाणवणारा. मग मामांनी हँडब्रेकची परीक्षा घेतली : रिव्हर्स घ्या, पुढे या, आणि पायाचा ब्रेक न लावता नुसत्या हँडब्रेकनं थांबवा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. आवाज आला नाही. नंतर पायानं ब्रेक मारला, आला. दोष पुढच्याच चाकाच्या आसपास आहे हे पक्कं.

आता एक पेटी बाहेर आली. सहा चिमटे, प्रत्येकाला छोटा माइक, लांब वायरी, आणि एक डबी ज्यावर बटण फिरवून एकेका चिमट्याचा आवाज हेडफोनवर ऐकता येतो. ही पेटी ऑनलाइन कुणालाही मिळते. फरक चिमटे कुठे लावायचे ते कळण्यात आहे. मामांनी एक कॅलिपरवर, एक खालच्या आर्मच्या पुढच्या बोल्टजवळ, एक मागच्या बोल्टजवळ, एक वरच्या आर्मवर, एक टाय रॉडच्या (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) टोकाशी आणि एक मुद्दाम उजव्या बाजूच्या आर्मवर लावला. सहावा कशाला, असं मी विचारलं. ‘तुलनेला. नुसता मोठा आवाज ऐकून काय कळणार, कशापेक्षा मोठा ते कळायला हवं.’ वायरी चाकात जाणार नाहीत अशा केबल टायनं बांधल्या आणि त्यातलं एकेक बांधणं ओढून पाहिलं.

त्याआधी आणखी एक काम केलं. पुढच्या सस्पेन्शनच्या प्रत्येक बोल्टवर, नटापासून शेजारच्या लोखंडापर्यंत, पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. ट्रायलनंतर रेघ तुटलेली दिसली तर तो बोल्ट फिरला किंवा सरकला. एका बाटलीभर रंगात होणारी ही तपासणी आहे, आणि दुर्गम भागात गाडी नेणाऱ्या प्रत्येकानं आपल्या गाडीवर ती करावी असं मला मनापासून वाटतं.

हेडफोन त्यांनी आधी स्वतः लावला, मग माझ्या कानाला दिला आणि चालवायला त्यांचा मुलगा बसला. कॅलिपरवर ‘टक्’ बारीक ऐकू येत होता. वरच्या आर्मवर त्याहून बारीक. खालच्या आर्मच्या मागच्या बोल्टवर बटण फिरवलं तेव्हा कानात हातोडा बसल्यासारखा आवाज आला. उजव्या बाजूला जवळजवळ काही नाही. गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेऊन खालून बॅटरी मारली तर त्याच बोल्टची पांढरी रेघ तुटली होती, दोन टोकं एकमेकांपासून बाजूला.

हा बोल्ट साधा नसतो. त्याच्या डोक्याशी मध्यापासून बाजूला भोक असलेली चकती असते आणि ती फिरवून आर्म आत-बाहेर सरकवतात, म्हणजे चाकाचा कल जुळवता येतो. अलाइनमेंट करताना हा बोल्ट सैल करून फिरवतात आणि परत आवळतात. माझ्या गाडीचं अलाइनमेंट झालं तेव्हा तो पुरेसा आवळला गेला नव्हता. ब्रेक मारला की चाक मागे ढकललं जातं, त्याबरोबर आर्म मागे सरकायचा, ‘टक्’. रिव्हर्समध्ये ब्रेक मारला की पुढे. चकतीच्या खालचं लोखंड घासून चकचकीत झालं होतं. डाव्या टायरची आतली कड का झिजते आहे, जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग किंचित ओढतं का, याचंही उत्तर मिळालं. मामांच्या वहीत माझ्या ‘आवाज सुरू होण्याआधीचं काम’ या ओळीत ‘अलाइनमेंट’ लिहिलेलं होतंच, त्याखाली त्यांनी रेघ मारली.

इतर ठिकाणी इथे बोल्ट आवळून गाडी दिली असती. मामांनी आधी बुश आणि बॉल जॉइंट पाहिले. खालचा बॉल जॉइंट तपासताना जॅक चेसिसला न लावता खालच्या आर्मखाली, जॉइंटच्या जवळ लावला. या गाड्यांत स्प्रिंगचं वजन खालच्या आर्मवर येतं, त्यामुळे जॅक तिथे लावला तरच जॉइंटवरचा ताण उतरतो आणि ढिलाई हाताला कळते. मग टायरखाली टॉमी घालून चाक वर उचललं, दुसऱ्या हाताचं बोट जॉइंटच्या फटीवर. डावा ठीक होता. टाय रॉडसाठी मला गाडीत बसवून स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, असं झटक्यानं हलवायला लावलं आणि खाली प्रत्येक टोकाला हात लावून पाहिलं. शॉकअप तपासायची त्यांची एक रीत मला फार पटली : खराब वाटेवर थोडं चालवून आणल्यावर लगेच चारही शॉकअपच्या नळ्यांना हाताची पाठ लावायची. काम करणारा शॉकअप गरम होतो, मेलेला थंड राहतो. (हात जपून लावा, चांगलाच तापलेला असू शकतो.) माझे चारही गरम होते.

बोल्ट आणि त्याच्या चकत्या नव्या टाकल्या, जुन्यांचे दात झिजले होते. आता जे सांगते ते तुमच्या गॅरेजवाल्यालाही सांगा. बोल्ट शेवटचा आवळला तो गाडी चारही चाकांवर जमिनीवर उभी असताना, वजनासकट, टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते मोजणाऱ्या पान्यानं), कंपनीनं दिलेल्या आकड्यावर. बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. गाडी हवेत टांगलेली असताना बोल्ट आवळला तर रबर त्या लोंबकळत्या स्थितीत पकडलं जातं, आणि गाडी खाली उतरवली की कायमचा पीळ बसतो. असं बुश करकरतं आणि वेळेआधी फाटतं. घाईत काम करणारे बहुतेक जण रॅम्पवरच सगळं आवळून टाकतात.

मागची करकर पटकन सापडली. साबणाचं पाणी फवाऱ्यानं एकेका जागी मारायचं, मध्ये गाडी हलवून पाहायची. डाव्या शॅकलवर मारलं, फरक नाही. पाट्यांच्या टोकांवर मारलं, बंद. पाट्यांच्या टोकांमध्ये जे प्लास्टिकचे तुकडे असतात ते झिजून संपले होते आणि मध्ये लाल मातीचा थर. पावसात आवाज का जायचा तेही यातच आलं. पाणीच तेलाचं काम करत होतं. पाटे उतरवून साफ केले, नवे तुकडे टाकले. मला वाटलं होतं ते ग्रीस थापतील. म्हणाले, ‘ग्रीस लावलं तर माती चिकटते आणि तेच कानशीसारखं पाटा खातं. रबराला तर हे ग्रीस दाखवूसुद्धा नका, फुगतं.’ रबरी बुशसाठी सिलिकॉनचं वापरायचं.

पण मागे एक गंभीर गोष्ट निघाली, जिचा आवाजच येत नव्हता. पूर्वी मी जास्तीचा एक पाटा टाकून घेतला होता. त्या वेळच्या यू-बोल्टपैकी दोन हातपान्यानं अर्धा फेरा फिरले. यू-बोल्ट ॲक्सल आणि पाटे एकत्र धरून ठेवतात. ते सैल पडले की सगळा भार मधल्या बारीक सेंटर बोल्टवर येतो, आणि तो तुटला तर ॲक्सल एका बाजूनं मागे सरकतो. चारही यू-बोल्ट नवे टाकले. एकदा ताणलेला यू-बोल्ट ते परत वापरत नाहीत, आणि काही शे किलोमीटर झाल्यावर पुन्हा आवळायला बोलावतात, त्याचे पैसे घेत नाहीत. मी गेले, तेव्हा एका नटाला खरंच थोडा फेरा बसला.

खर्चाचं बोलू. शोधण्याचे ११००. ब्रेकच्या क्लिपा, आर्मचा बोल्ट आणि चकत्या, यू-बोल्ट, पाट्यांचे तुकडे आणि मजुरी मिळून साडेआठ हजारांच्या आत. पार्ट त्यांच्याकडे नसतात. चिठ्ठी लिहून देतात, त्यावर नेमकं नाव आणि जुना तुकडा सोबत, आणि आपण जाऊन आणायचं. यात त्यांची दलाली नाही, त्यामुळे ‘हे बदला, ते बदला’ म्हणण्यात त्यांचा काहीच फायदा नाही. शोधण्याचे पैसे वेगळे मिळतात म्हणूनच हे जमतं. ज्याला बघायचे पैसे कुणी देत नाही तो बिचारा पार्टमधूनच कमावणार, आणि आपण वीस हजारांचे शॉकअप बदलून खटखट ऐकत फिरणार. ११०० रुपयांना कुरकुर करणाऱ्या प्रत्येकानं आपल्या मागच्या बिलावर नजर टाकावी.

आता जे आवडलं नाही ते. एका वेळी एकच गाडी घेतात, त्यामुळे आठवडाभर आधी फोन करून दिवस ठरवावा लागतो, आणि फोन दुपारच्या जेवणाच्या वेळेलाच उचलतात. दिवसभर थांबायचं तर बसायला एक लाकडी बाक, वर पत्रा. एप्रिल-मे मध्ये तिथे बसवत नाही. बाईमाणसाला स्वच्छतागृहासाठी महामार्गावरच्या पेट्रोल पंपापर्यंत जावं लागतं, ही मोठी गैरसोय आहे आणि मी ती त्यांच्या तोंडावर सांगितली आहे. छापील बिल मिळत नाही, वहीचं पान फाडून देतात. वॉरंटीतल्या गाडीला त्याचा उपयोग नाही, तिथे आधी कंपनीकडेच जा आणि तक्रार लेखी नोंदवा. अलाइनमेंटचं मशीनही त्यांच्याकडे नाही. हा बोल्ट हलवल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं, त्यामुळे गाडी दुसरीकडे न्यावी लागली. जाताना मामांनी मला बजावलं, ‘तिथे उभं राहा. शेवटी टॉर्क पाना लागला का बघा, मग नवी रेघ मारून घ्या.’ रंगाची बाटली त्यांनी हातात दिली होती. मी उभी राहिले, पाना लावायला लावला, रेघ मारली.

त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी गाडी धुवून नेऊ नये. मातीत पडलेल्या ओरखड्यांवरून, तेलाच्या ओल्या डागांवरून त्यांना बरंच कळतं. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून नेला तर ते ऐकतात, पण त्यावर निकाल देत नाहीत. आणि आवाज येतो ती वाट कशी आहे, खडी की चर की चढ, हे सांगता येईल इतकं लक्ष घाटात ठेवा.

सध्या साम्रदच्या वाटेवर गाडी वजनासकट गप्प चालते. पांढऱ्या रेघा मी माल उतरवल्यावर बॅटरीनं बघते, अजून सरळ आहेत. उजव्या बाजूच्या खालच्या बॉल जॉइंटचं रबरी टोपण मात्र त्यांना चिरलेलं सापडलं. जॉइंटला अजून ढिलाई नाही, पण चिरेतून पाणी आणि माती गेली की एका पावसाळ्यात तो संपेल, असं ते म्हणाले. तेवढं टोपण वेगळं मिळत नाही, पूर्ण जॉइंटच घ्यावा लागेल. तो मागवलाय. आला की जूनच्या आधी त्यांच्याकडचा दिवस धरायचा आहे.